बरणीतली म्हातारी

शेजारच्या सिलिंडरवाल्यांबद्दल मी लिहावं, हे दातांच्या डॉक्टरांनी परस्पर ठरवलं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "तुमची आणि त्यांची भिंत एक होती, आणखी काय पाहिजे?" खरं सांगायचं तर माझी माहितीही त्या भिंतीइतकीच आहे. त्यांचं बालपण कुठे गेलं, शिक्षण किती झालं, तरुणपणी त्यांना काय व्हायचं होतं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लिहायची मला सवय नाही. चुकलंमाकलं तर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांभाळून घ्यावं.

दुकानांत, ऑफिसांत भिंतीला आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली असतात, ती तपासायचं आणि भरून द्यायचं त्यांचं काम. म्हणून सगळी इमारत त्यांना सिलिंडरवाले म्हणायची. खांद्यावर कायम एक नळकांडं असे. त्यामुळे जिन्यात ते समोरून आले की आधी भिंतीला चिकटायचं आणि मग बोलायचं, अशी मला सवय लागली होती. बोलणं म्हणजे काय तर, "आज ऊन आहे." "आहे खरं." कित्येक वर्षं आमचा एवढाच संवाद.

पण दुपारी जरा आडवा झालो की भिंतीपलीकडून आवाज यायचा. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा बुडुक. माझाच नळ गळतोय असं समजून मी प्लंबरला बोलावलं. त्याने घरातले सगळे नळ बदलले. आवाज होता तिथेच होता. शेजारी जाऊन विचारावं, असं रोज ठरवायचो आणि रोज रद्द करायचो. शेवटी तेच माझ्या दारात उभे राहिले. हातात काचेची बरणी, बरणीत गढूळ पाणी आणि तळाला मातकट गाळ.

"भाऊ, तुमच्या फ्रीजमध्ये जागा आहे का?"

माझ्या फ्रीजमध्ये दूध आणि अर्धं लिंबू होतं. एकट्या माणसाला आणखी काय लागतं. मी म्हणालो, "आहे."

"म्हातारीला ठेवायचंय."

मी त्यांच्या मागे पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं. तेव्हा त्यांनी बरणी वर केली. "ही हो. घरात ठेवू देत नाहीत."

त्यांच्या घरातून वहिनींचा आवाज आला, "का देत नाही तेही सांगा. माझ्या लोण्यात उतरली होती ती."

तर सिलिंडरवाले घरी बिअर करायचे, आणि म्हातारी म्हणजे त्या बिअरचं यीस्ट. साखरेची बिअर करते ती हीच, असं त्यांनी मला समजावलं. मी मान डोलावली. आमच्याकडे दुकानात एकाच तऱ्हेची फिकट बिअर मिळायची आणि घरी करायची म्हटली तर त्यातली एकही गोष्ट विकत मिळत नसे. जव ते गुरांच्या खाद्याच्या दुकानातून आणायचे, भिजवून मोड आणायचे आणि गच्चीवर चादर पसरून वाळवायचे. हॉप्स नावाची कडू फुलं लागतात, ती जहाजावर नोकरी करणारा भाचा एका उशीत भरून आणायचा. वरून अभ्रा घातलेला. तपासणीत कोणी विचारलं तर याला दुसऱ्या उशीवर झोप येत नाही. ताप बघायचा थर्मामीटर तर या उद्योगात इतका वापरला जायचा की वहिनींना ताप आला तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे. तो तोंडात धरण्यापेक्षा ताप बरा."

बाटल्या हा सगळ्यात मोठा प्रश्न. जाड काचेच्या बाटल्या मिळत नसत. पत्र्याची झाकणं ते कोपऱ्यावरच्या थंड पेयांच्या दुकानातून गोळा करायचे आणि लाकडी हातोडीने ठोकून सरळ करायचे. त्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, "जरा हळू उघडत जा रे, वाकडं होतं." कोणालाही बिअर दिली तरी रिकामी बाटली परत आलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. मुलीच्या सासरच्यांनाही त्यातून सूट नव्हती.

म्हातारी त्यांना मिळाली ती एका हॉटेलात. ते तिथली नळकांडी तपासत असताना एक परदेशी पाहुणा बाटलीत दोन बोटं बिअर तशीच सोडून उठला. बाटलीच्या तळाशी गाळ होता, म्हणजे यीस्ट जिवंत होतं. सिलिंडरवाल्यांनी ती बाटली हत्यारांच्या पिशवीत उभी ठेवून, बसमध्ये पिशवी छातीशी धरून घरी आणली. ब्रेकने ती लवंडू नये म्हणून शेजारच्या बाईने बसायला जागा दिली तरी ते उभेच राहिले. ती बाई म्हणाली, "औषध आहे का हो?" हे म्हणाले, "हो."

"झाकण कधी घट्ट लावायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "सैल ठेवायचं. ती श्वास सोडते."

"आणि लागलं घट्ट तर?"

"तर मला नळकांडं घेऊन यावं लागेल."

तेव्हापासून मी फ्रीज उघडला की आधी झाकण बघायचो.

त्यांच्यासारखे आणखी तिघं होते. दातांचे डॉक्टर, चष्म्याच्या दुकानाचा मालक आणि शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा ही मंडळी पेशंट बसतात त्या बाकांवर जमायची आणि चुळा भरायच्या पेल्यांतून एकमेकांची बिअर प्यायची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र होतं. मलाही एकदोनदा नेलं. मी पेला हातात धरून बसलो.

सिलिंडरवाल्यांनी म्हातारीचा गाळ तिघांनाही वाटला होता. "एकाच जागी सगळं ठेवायचं नाही. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच. एका घराला आग लागली तरी ती तीन घरांत जिवंत." दर वेळी ते हजेरी घेत. "म्हातारी कशी आहे?" डॉक्टर म्हणत, "मजेत." चष्मेवाला म्हणे, "मजेत." भूगोलाच्या बाई म्हणत, "उत्तम." आणि बिअर करायची वेळ आली की तिघंही बरणी घेऊन सिलिंडरवाल्यांकडे यायचे. "तुमच्यातली थोडी द्या, जरा रक्त बदलू दे." सिलिंडरवाल्यांना याचा फार अभिमान होता. वाटी भरून द्यायचे.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ताई आली. ताई माझी थोरली बहीण. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने पदर खोचला. मी डोळ्यावर पट्टी बांधून पडलेला. स्वयंपाकघरातून पाण्याचा आणि ब्रशचा आवाज यायला लागला.

"ताई, काय घासतेस?"

"तुझी लाज."

"म्हणजे काय?"

"फ्रीजमध्ये बरणीत चिखल साठवलायस. झाकणसुद्धा नीट लावलेलं नव्हतं. बघ आता कशी लख्ख झाली."

मला बघता येत नव्हतं. मी उठून बसलो आणि पुन्हा आडवा झालो.

काळा चष्मा लावून मी शेजारी गेलो तेव्हा सिलिंडरवाले नेमके जव पाखडत होते. भाच्याची त्या जहाजावरची नोकरी संपली होती. शेवटची उशी आली होती, आणि येत्या रविवारी त्यातून मोठा घाट घालायचं ठरलं होतं. मी दारातच उभा राहिलो. काय बोलायचं ते घरात तीनदा घोकलं होतं, ते एकदम गेलं.

"म्हातारी गेली," मी म्हणालो.

वहिनी आतून धावत आल्या. "कोणाची?"

मी सगळं सांगितलं. सिलिंडरवाल्यांनी सूप खाली ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "चला, कोणीतरी फ्रीज साफ करणारं निघालं." पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्या पाणी आणायला आत वळल्या.

मग ते हसले. "अहो भाऊ, इतकं काय. अजून तीन घरं आहेत. चला, तुम्हीही चला. ताईंना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका."

ताईला काही वाईट वाटलेलं नव्हतं.

आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. ते एका पेशंटच्या तोंडात होते. सिलिंडरवाल्यांनी दारातूनच सांगितलं, "थोडी म्हातारी द्या." डॉक्टरांचं यंत्र थांबलं. ते बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे आलेली प्रत्येक वस्तू आधी उकळतात हो. कंपाउंडरला सवय आहे. बरणी आली, त्याने उकळली."

"कधी?"

"दिलीत त्याच दिवशी."

"पण तुम्ही तर मजेत म्हणायचात."

"बरणी मजेत होती," डॉक्टर म्हणाले.

चष्मेवाल्याने आमचा चेहरा पाहूनच दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं. त्याने झाकण घट्ट लावलं होतं. दुकानाच्या लहान फ्रीजमध्ये बरणी फुटली, तेव्हा एक गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं होतं. "सगळ्यात खालची ओळ वाचा म्हणालो आणि धडाम झालं. ते गिऱ्हाईक परत आलं नाही. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?"

राहिल्या भूगोलाच्या बाई. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, बर्फाच्या कप्प्यातून बरणी काढून समोर ठेवली. आत दगड झाला होता.

"थंड जागी ठेवा म्हणालात," बाई म्हणाल्या. "किती थंड ते कुठे म्हणालात?"

"अहो बाई, तुम्ही भूगोल शिकवायचात."

"म्हणून तर. मला वाटलं, ध्रुवावरही जीव असतोच की."

म्हणजे रक्त बदलायला म्हणून नेलेली वाटी हीच प्रत्येकाची सगळी पुंजी होती. न्यायची, बिअरमध्ये ओतायची, आणि रविवारी मजेत म्हणायचं. तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच तेवढी गेलीय, बाकीच्या दोघांकडे आहे. चार घरं म्हणत होतो, त्यातलं खरं घर एकच, माझा फ्रीज.

परतताना आम्ही रस्त्याकडेच्या बाकावर बसलो. सिलिंडरवाल्यांनी चप्पल काढून पाय पुढे केले. मग म्हणाले, "पावाचं यीस्ट घालून बघितलंय मी. ओल्या पावासारखी लागते. भाऊ, ही गेली की मी नुसता नळकांडी भरणारा माणूस."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. मी म्हणालो, "आज ऊन आहे."

"आहे खरं," ते म्हणाले. आणि एकदम ताठ झाले. "भाऊ, बाटली. गाळ बाटलीतही असतो. भरलेली एक बाटली मिळाली तरी पुरे."

"आहे का कुठे?"

"कुठली राहायला. मागच्या रविवारीच संपवली सगळी. आणि माझ्या हाताला खोड, रिकामी झाली की लगेच धुवायची." ते पुन्हा बाकाला टेकले. मग सावकाश म्हणाले, "एक सेक्रेटरी सोडले तर सगळ्यांच्या बाटल्या परत आल्या."

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात. जव शिजण्याच्या वासावरून त्यांनी सुरुवातीला फार कटकट केली होती. तेव्हापासून प्रत्येक खेपेतली एक बाटली त्यांच्याकडे जायची. रिकामी मात्र कधी परत आली नाही. विचारलं की म्हणायचे, "भंगारवाला घेऊन गेला वाटतं." तरी सिलिंडरवाले त्यांना मानत, कारण बिअरबद्दल इतकं बारकाईने बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. सेक्रेटरी घोट घेतल्यासारखं तोंड करून म्हणत, "मागच्यापेक्षा छान. पण कडूपणा जरा उतरवा." हे उतरवत. "संत्र्याचा भास होतो का हो किंचित? तो वाढवा." संत्र्याचा काही संबंध नव्हता, पण पुढच्या खेपेपासून यांनी संत्र्याची साल घालायला सुरुवात केली. डॉक्टरांना ती साल अजिबात आवडायची नाही. पण सेक्रेटरींच्या जिभेपुढे डॉक्टरांचं काय चालणार.

आम्ही वर गेलो. सिलिंडरवाल्यांनी सरळ विचारलं, "मागच्या खेपेची बाटली प्यायलात का?"

"म्हणजे काय. फारच..."

"प्यायला नसाल तर बरं होईल."

सेक्रेटरींनी आत डोकावून पाहिलं, दार लोटलं आणि आम्हाला झोपायच्या खोलीत नेलं. दिवाणाची फळी उचलली. आत चादरींच्या घड्यांमध्ये बाटल्याच बाटल्या, एकीला एक लागू नये म्हणून मध्ये पायमोजे कोंबलेले.

"हळू बोला," सेक्रेटरी म्हणाले. "ही यावर झोपते. एकदा एक फुटली, तर दिवाणाची फळी तडकली म्हणून सांगितलं."

"एकही प्यायला नाहीत?"

"माझ्या पोटाला चालतच नाही. पहिल्यांदा तुम्ही इतक्या हौसेने आणलीत, नाही म्हणवेना. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, कशी होती."

"आणि कडूपणा उतरवा?"

"नुसतं छान छान किती वेळा म्हणणार. काहीतरी सांगायला हवं ना माणसाने."

"आणि संत्रं?"

सेक्रेटरींनी मान खाली घातली. "त्या दिवशी मी संत्रं खाल्लं होतं."

सिलिंडरवाले चिडतील असं मला वाटलं. खरं तर सेक्रेटरींना इतकी वर्षं मी घाबरून असायचो, त्या दिवशी पहिल्यांदा ते मला जवळचे वाटले. नाही म्हणता येत नाही, हे दुखणं मला चांगलं माहीत आहे. पण सिलिंडरवाल्यांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते गुडघ्यावर बसून बाटल्या एकेक करून उजेडात धरत होते आणि तळाचा गाळ बघत होते. सर्वांत नवी बाटली त्यांनी छातीशी धरली आणि निघाले. जिन्यात मला म्हणाले, "भाऊ, पुढे व्हा आणि कोणी वर येत असेल तर त्याला भिंतीला लावा."

कामाचा जाड चष्मा लावून त्यांनी बाटली उघडली, वरची बिअर हळूच पातेल्यात काढली आणि तळाचा गाळ दुसऱ्या बाटलीतल्या जवाच्या गोड पाण्यात सोडला. त्या बाटलीच्या तोंडातून रबरी नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात. म्हातारी जागी झाली तर पेल्यात बुडबुडा येणार. माझ्या भिंतीतला आवाज म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. वहिनी येता-जाता बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्या गार कोठीत ठेवल्यावर कोण उठेल? द्या इकडे." आणि त्यांनी बाटली उचलून स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या फळीवर ठेवली. लोण्याच्या प्रकरणानंतर त्या खोलीत तिला मज्जाव होता. "दोन दिवस फक्त. आणि उतू गेली तर तुम्ही पुसायचं."

दुपारी ताई माझ्याबरोबर तिथे आली. माफी वगैरे मागायला नाही, वहिनींची चटई बघायला, असं ती म्हणाली. डॉक्टर दवाखाना मिटवून आले. आम्ही सगळे त्या पेल्याकडे बघत बसलो होतो. सिलिंडरवाल्यांनी नळीचं टोक तिसऱ्यांदा पेल्यात नीट बसवलं.

"बिघडलेली वस्तू टाकून द्यावी माणसाने," ताई पुटपुटली. मग थांबली. "अरे, ते काय हललं?"

नळीच्या टोकाशी एक बुडबुडा फुगला, जरा रेंगाळला आणि सुटला. बुडुक.

मग सिलिंडरवाले उठले, मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तोंड पुसत म्हणाले, "वहिनींना... म्हणजे हिला विचारा, दोन दिवसांचे चार झाले तर चालतील का." बायकोला वहिनी म्हटलेलं ऐकून वहिनी इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. चार दिवस मिळाले.

पुढच्या महिन्याच्या रविवारी दवाखान्यात नवा नियम झाला. म्हातारी कशी आहे हे विचारायचं नाही, बरणी प्रत्यक्ष आणून दाखवायची. सेक्रेटरींनाही बोलावलं होतं. दिवाणातल्या बाटल्या त्यांनी रिकाम्या नव्हे तर भरलेल्या परत केल्या. त्यांना लिंबाचं सरबत दिलं. सवयीने सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि सवयीने ते म्हणाले, "छान, पण..." आणि थांबले.

सर्वांत जुनी बाटली शेवटी उघडली. सल्ले सुरू व्हायच्या आधीची. संत्र्याची साल नाही, कडूपणा पुरेपूर. इतकी वर्षं अंधारात निवांत पडून राहिलेली. मला त्यातलं कळत नाही, पण डॉक्टरांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवून तो पुन्हा उचलला. सिलिंडरवाल्यांनी विचारलं, "ही मी केली होती?" त्यानंतर त्यांनी कोणाचा सल्ला घेतला नाही. वहिनी मात्र नेमाने द्यायच्या, "बंद करा आता," एवढाच.

म्हातारी परत माझ्या फ्रीजमध्ये आली. ताईने जाताना बरणीवर कागद चिकटवला, त्यावर लिहिलं, "घाण नाही."

नंतरच्या काही वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. भाच्याला दुसरं जहाज मिळालं, बुडुक आवाज येत राहिला, मी दुपारचा झोपत राहिलो. मग त्यांना दम लागायला लागला, नळकांडं खांद्यावरून गेलं. तपासण्यांसाठी त्यांना हॉस्पिटलात दाखल व्हायला सांगितलं. तिथून ते घरी आले नाहीत.

त्या सकाळी मी दूध आणायला निघालो होतो. वहिनी पिशवी घेऊन पुढे खाली गेल्या होत्या, ते कठडा धरून सावकाश उतरत होते. खांद्यावर काहीच नव्हतं, तरी मी सवयीने भिंतीला चिकटलो.

"आज ऊन आहे," ते म्हणाले.

"आहे खरं."

"झाकण?"

"सैल आहे."

"बरं. जा, दूध घेऊन या. मग रांग वाढते."

"हो, येतो," मी म्हणालो.